कंसाआधीची एक स्पेस: रुबी मेथड कॉल कसा वाचते

खालच्या दोन ओळी आधी नीट बघा. फरक फक्त एका स्पेसचा आहे.

पुट्स (१ + २) * ३
पुट्स(१ + २) * ३

पुट्स ही रुबीची स्क्रीनवर छापणारी मेथड. पहिली ओळ ९ छापते. दुसरी ओळ ३ छापते आणि लगेच एरर देऊन थांबते. का, ते पुढे येईलच. (या लेखात कोडमधले शब्द आणि आकडे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. मशीनवर करून बघताना ते रोमनमध्ये टाइप करा. चिन्हं आणि स्पेस मात्र आहेत तशाच ठेवा.)

तुम्ही म्हणाल, एरर आली म्हणजे चूक कळली, मग अडचण काय? खरंय. एरर देणारी चूक ही चांगली चूक. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या चुकीबद्दल आहे. प्रोग्राम शेवटपर्यंत चालतो, टेबल तयार होतं, आकडे दिसायला ठीक असतात, आणि तरी उत्तर चुकलेलं असतं. माझ्या बाबतीत हे घडलं, म्हणून लिहितेय.

माझी चूक

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक छोटा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना प्रोग्राम वाचायला द्यायचे आणि ‘हा काय छापेल?’ असं विचारायचं. दोन फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीनंतर चार जणांनी कळवलं, की या फेरीतली आमची उत्तरं वापरू नका. संमतीपत्रात तसा हक्क लिहिलेलाच होता, त्यामुळे कारण विचारायचा प्रश्न नव्हता. मी त्यांचे क्रमांक एका यादीत टाकले आणि उत्तरं मोजणाऱ्या लूपमध्ये ही ओळ लिहिली:

नेक्स्ट इफ वगळलेले.इन्क्लूड? (क्रमांक) && फेरी == २

मला म्हणायचं होतं: हा क्रमांक ‘वगळलेले’ या यादीत असेल आणि फेरी दुसरी असेल, तर ही नोंद सोडून पुढे जा. प्रोग्राम चालला. एरर नाही, इशारा नाही. टेबल तयार झालं, प्रोग्रेस सेमिनारच्या स्लाइडवर चढलं. सेमिनारच्या दोन दिवस आधी गाईड मॅडमनी स्लाइड बघितल्या आणि एकच प्रश्न विचारला, “दोन्ही फेऱ्यांत सहभागींची संख्या सारखी कशी? चार जण गेले होते ना?”

चार जण यादीत होते, पण टेबलातून गेले नव्हते. ज्यांना मी ‘तुमची उत्तरं वापरणार नाही’ असं लेखी सांगितलं होतं, त्यांची उत्तरं माझ्या सरासरीत बसली होती.

त्या संध्याकाळी मी ती ओळ दहा वेळा वाचली. प्रत्येक वेळी ती मला बरोबरच वाटली, कारण मी ती माझ्या मनातल्या अर्थाने वाचत होते. रुबीने ती अशी वाचली होती:

वगळलेले.इन्क्लूड?((क्रमांक) && फेरी == २)

म्हणजे ‘यादीत क्रमांक आहे का’ असं रुबीने विचारलंच नाही. आधी कंसापासून शेवटपर्यंतचं सगळं मिळून एक उत्तर काढलं, ट्रू किंवा फॉल्स. मग विचारलं, की यादीत ट्रू (किंवा फॉल्स) आहे का? यादीत नुसते क्रमांक. त्यामुळे उत्तर कायम ‘नाही’. एकही नोंद वगळली गेली नाही.

कंस कुणाचा?

आपल्या डोक्यात शाळेपासून ‘कंचेभागुबेव’ बसलंय: आधी कंस सोडवा, मग पुढचं. रुबीही आधी कंसच सोडवते. त्यात वाद नाही. वाद वेगळाच आहे: हा कंस मेथडचा आहे, की नुसता गट करण्यासाठी आहे?

रुबीत गोल कंसाची ही दोन वेगळी कामं आहेत. एक, मेथडला दिलेली आर्ग्युमेंट्स घेरणं. दोन, गणितात करतो तसा पदांचा गट करणं. मेथड कॉल करताना नेहमी कंस लागत असते, तर गोंधळ झालाच नसता. पण रुबीत ते ऐच्छिक आहेत. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली रुबी लोकांसमोर आणली तेव्हापासून वाचायला सोपी, माणसाच्या सोयीची भाषा ही तिची ओळख आहे आणि बिनकंसाचा कॉल हा त्या सोयीचा मोठा भाग. रिक्वायर, पुट्स, अ‍ॅट्र_रीडर हे सगळे दिसायला खास आदेश वाटतात, पण आहेत साधे मेथड कॉल, कंस न लावलेले.

आता ही सोय द्यायची म्हटली, की प्रश्न येतोच. मेथडचं नाव आलं आणि पुढे कंस उघडला. हा कंस आर्ग्युमेंट्सचा, की बिनकंसाच्या कॉलमधलं पहिलं आर्ग्युमेंटच योगायोगाने कंसाने सुरू होतंय?

मराठीतलं एक उदाहरण घ्या. ‘सुंदर मुलीचं घर’ म्हटलं तर सुंदर कोण, मुलगी की घर? सांगता येत नाही, कारण ‘सुंदर’ हा शब्द बदलत नाही. पण ‘मोठ्या मुलीचं घर’ आणि ‘मोठं मुलीचं घर’ यांत गोंधळ नाही. ‘मोठ्या’ मुलीला चिकटतं, ‘मोठं’ घराला. जोडणी कुणाशी आहे ते शब्दाच्या शेवटावरून ठरतं. रुबीत कंसाच्या बाबतीत हेच काम स्पेस करते. नियम एवढाच:

नावाला चिकटलेला कंस मेथडचा.
नावानंतर स्पेस सोडून आलेला कंस गटाचा. मेथडचं आर्ग्युमेंट त्या कंसापासून सुरू होतं आणि शक्य तिथवर पुढे जातं.

आता सुरुवातीच्या दोन ओळी परत बघा. पहिलीत पुट्सचं आर्ग्युमेंट (१ + २) * ३ हे पूर्ण, म्हणून ९. दुसरीत पुट्सला फक्त १ + २ मिळालं, त्याने ३ छापले आणि निल परत दिलं. उरलं निल * ३. निलला गुणाकार येत नाही, म्हणून नोमेथडएरर.

हे ठरतं कुठे?

कोडचा मजकूर आत जातो तेव्हा आधी लेक्सर त्याचे तुकडे पाडतो (या तुकड्यांना टोकन म्हणतात), मग पार्सर त्या तुकड्यांचं झाड रचतो. बऱ्याच भाषांत लेक्सर बिचारा साधा असतो. कंस दिसला, की ‘कंस’ असं टोकन देतो आणि मोकळा होतो. रुबीचा लेक्सर तसा नाही. आधी काय येऊन गेलं याची तो स्थिती सांभाळतो आणि उघडत्या गोल कंसासाठी एक नाही तर तीन वेगळी टोकनं देतो: पदाच्या सुरुवातीला आलेला कंस वेगळा, नावाला चिकटलेला वेगळा, नावानंतर स्पेस सोडून आलेला वेगळा. पार्सरकडे गोष्ट पोचते तोपर्यंत निर्णय झालेला असतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण संशोधनात शब्द नेमके वापरावे लागतात. ही ओळ रुबीसाठी संदिग्ध नाही. तिचा अर्थ एकच आणि तो दरवेळी तोच निघतो. संदिग्ध आहे ती वाचणाऱ्या माणसासाठी. ‘संदिग्ध’ म्हणताना ‘कुणासाठी?’ हे सांगायची सवय आत्ताच लावून घ्या. प्रपोजलमध्ये नाही सांगितलंत, तर समिती विचारेलच.

रुबीचा पार्सर गेल्या काही वर्षांत बराच बदललाय. डिसेंबर २०२३च्या ३.३ आवृत्तीत जुन्या बायसनच्या जागी लरामा हे पार्सर-जनरेटर आलं आणि डिसेंबर २०२४च्या ३.४ पासून हाताने लिहिलेला प्रिझम हा मुख्य पार्सर झाला. आतली यंत्रणा बदलली, पण स्पेसचा हा नियम तसाच आहे. तो बदलला असता तर लोकांचं चालू कोड मोडलं असतं.

एकच ओळ, चार भाषा

‘हा तर कॉमन सेन्स आहे’ असं वाटत असेल, तर छापण्याची हीच ओळ स्पेससकट इतर भाषांत बघा. तिथे पुट्सच्या जागी प्रिंट येईल, बाकी सगळं तेच.

रुबी ९ छापते.
पर्ल ३ छापते. तिथला नियम असा, की फंक्शनसारखं दिसतं तर ते फंक्शनच. मधली स्पेस मोजत नाहीत. इशारे चालू असतील तर पर्ल तसं सांगतेही.
पायथन २ मध्ये ९, कारण तिथे प्रिंट हे फंक्शन नव्हतं, स्टेटमेंट होतं.
पायथन ३ मध्ये आधी ३ छापले जातात, मग एरर, कारण आता प्रिंट फंक्शन आहे आणि नन * ३ करता येत नाही.

चारही भाषा आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एका भाषेतली नजर दुसरीत घेऊन गेल्यावर. मी रुबीत यायच्या आधी पायथन ३ लिहायचे. तिथे ही स्पेस निव्वळ दिसण्यापुरती असते, म्हणून ती मला डोळ्यांनाच दिसत नव्हती.

गुपचूप चुकणारी उदाहरणं

मॅथ.स्क्वेअररूट (१६) + ९
मॅथ.स्क्वेअररूट(१६) + ९

(इथे स्क्वेअररूट म्हणजे वर्गमूळ काढणारी मेथड, रुबीतलं तिचं नाव चार अक्षरी आहे.) पहिल्या ओळीचं उत्तर ५.०, दुसरीचं १३.०. पहिलीत २५चं वर्गमूळ निघालं. दोन्ही उत्तरं शहाणी दिसतात. एरर कुठेच नाही.

आता माझ्या मते सगळ्यात बेरकी उदाहरण. चार प्रश्नांपैकी तीन बरोबर, एक चूक:

गुण = [१, ०, १, १]
सरासरी (गुण) * १००

सरासरी ही तुम्ही स्वतः लिहिलेली, अ‍ॅरे घेऊन सरासरी देणारी मेथड समजा. तुम्हाला हवेत ७५ टक्के. हाती येतं ०.७५. कारण रुबीने आधी गुण * १०० केलं आणि रुबीत अ‍ॅरे गुणिले १०० म्हणजे तोच अ‍ॅरे शंभर वेळा एकापुढे एक. चारशे आकड्यांचा अ‍ॅरे झाला. त्याची सरासरी? अर्थातच तीच, ०.७५. वर कॉलमला ‘टक्के’ असं शीर्षक असेल, तर वाचणारा म्हणेल, विद्यार्थ्यांना काहीच आलं नाही!

आणि गंमत पुढेच आहे. सरासरीच्या जागी बेरीज ठेवा:

बेरीज (गुण) * २

इथेही रुबी अ‍ॅरे दुप्पट लांब करून मग बेरीज घेते. पण उत्तर ६ येतं, म्हणजे बरोबर! चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर. तुम्ही बेरजेवर टेस्ट लिहिली, ती पास झाली, आणि तीच लिहिण्याची पद्धत सरासरीला वापरली तर? टेस्ट पास होणं म्हणजे कोड तुमच्या मनातलं करतंय असं नाही. त्या एका इनपुटला उत्तर जुळलं, एवढंच.

याच कुळातले आणखी दोघे

कंसाचा हा प्रश्न एकटा नाही. बिनकंसाच्या कॉलमुळे येणारे त्याचे दोन भाऊबंद ओळखून ठेवा.

पहिला, उणे चिन्ह. ‘मोजणी -१’ असं लिहिलंत, उण्याआधी स्पेस आणि नंतर नाही. ‘मोजणी’ हे वर कुठेतरी किंमत दिलेलं लोकल व्हेरिएबल असेल, तर ही वजाबाकी. ती मेथड असेल, तर ‘मोजणीला उणे एक द्या’ असा कॉल. म्हणजे ओळीचा अर्थ त्या ओळीत नाहीच, वरच्या ओळींत आहे! रुबीचा पार्सर वाचता वाचता लोकल व्हेरिएबल्सची नोंद ठेवतो, ती यासाठीही. ‘मोजणी [०]’ चंही तसंच: व्हेरिएबल असेल तर पहिला घटक, मेथड असेल तर अ‍ॅरे पाठवलेला कॉल.

दुसरा, ब्लॉक. पुट्स, मग एक अ‍ॅरे, त्यावर मॅप, आणि पुढे ब्लॉक. हा ब्लॉक महिरपी कंसांत लिहिलात तर तो मॅपला मिळतो आणि बदललेले आकडे छापले जातात. तोच ब्लॉक डू आणि एंडमध्ये लिहिलात तर तो पुट्सला मिळतो. पुट्स ब्लॉककडे बघतही नाही, मॅप ब्लॉकविना राहतो आणि स्क्रीनवर एन्युमरेटर असं काहीतरी उमटतं.

तिन्हीकडे प्रश्न तोच: हा तुकडा कुणाचा?

मग करायचं काय?

एक. कंस लावायचे तर नावाला चिकटवून. रुबी समाजात वापरली जाणारी स्टाइल गाइडही हेच सांगते. आणि पहिलं आर्ग्युमेंटच कंसाने सुरू होत असेल, तर बाहेरचेही कंस लावा: पुट्स((१ + २) * ३). कंस दोनदा येतात, जरा कुरूप दिसतं, पण वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

दोन. अटींमध्ये दोन प्रश्न एकाच ओळीत कोंबू नका. माझी ओळ आता अशी आहे:

यादीत_आहे = वगळलेले.इन्क्लूड?(क्रमांक)
नेक्स्ट इफ यादीत_आहे && फेरी == २

तीन. शंका आली तर झाड बघा. रुबीबरोबर रिपर नावाची लायब्ररी येतेच. कोडची ओळ स्ट्रिंग म्हणून रिपर.सेक्स्पला द्या, ती पार्सरने रचलेली मांडणी दाखवते. सुरुवातीच्या पहिल्या ओळीत सगळ्यात वर ‘कमांड’ दिसेल, म्हणजे बिनकंसाचा कॉल आणि त्याच्या पोटात गुणाकार. दुसरीत सगळ्यात वर ‘बायनरी’, म्हणजे गुणाकार आणि त्याच्या पोटात कॉल. मला हे झाड बघितल्यावर दोन मिनिटांत कळलं. त्याआधी ओळ वाचण्यात पूर्ण संध्याकाळ गेली होती.

चार. साधनं वापरा, पण त्यांची हद्द माहीत करून घ्या. रुबोकॉप या तपासनीसात स्पेस सोडून आलेल्या कंसासाठी खास नियम आहे. पण तो पकडतो ते साधं रूप, जिथे अख्खं आर्ग्युमेंट एकाच कंसात आहे. कंसानंतर गुणाकार वगैरे पुढे चालू असेल, तर तेच लिखाण तो योग्य धरतो. त्याच्या बाजूनेही तर्क आहे: कुणाला खरंच ९ छापायचे असतील. तुमच्या मनात काय होतं, हे कुठल्याच साधनाला कळत नाही.

पाच, आणि हे रुबीपुरतं नाही. डेटा गाळणाऱ्या प्रत्येक ओळीनंतर किती नोंदी गळल्या ते छापा आणि किती गळायला हव्यात ते आधी कागदावर लिहून ठेवा. माझ्या वहीत ‘४’ लिहिलेले असते आणि स्क्रीनवर ‘०’ आला असता, तर गाईडना विचारावं लागलं नसतं.

पुढे काय झालं, तेही सांगते. आकडे परत काढले. सरासरी थोडीशी हलली, निष्कर्ष तोच राहिला. पण ‘निष्कर्ष बदलला नाही ना, मग झालं’ असं म्हणायची सोय नव्हती, कारण प्रश्न सरासरीचा नव्हता, दिलेल्या शब्दाचा होता. सेमिनारमध्ये मी पहिल्याच स्लाइडवर चूक काय झाली, कुणाच्या नोंदी चुकून वापरल्या गेल्या आणि आता कशा काढल्या ते लिहिलं. त्या चौघांनाही ईमेल केला. समितीतल्या एका सरांनी फक्त एवढंच विचारलं, की अशाच पद्धतीने लिहिलेल्या आणखी किती ओळी आहेत. मला आकडा सांगता आला, कारण आदल्या रात्री मी सगळ्या फाइली शोधल्या होत्या. आणखी दोन होत्या. दोन्ही ठिकाणी उत्तर योगायोगाने बरोबर येत होतं.

जाता जाता तुमच्यासाठी एक. आधी कागदावर उत्तर लिहा, मगच चालवा:

पी (१..३).टू_ए
पी(१..३).टू_ए

पी ही पुट्सची बहीण, पण ती निल देत नाही. जे छापलं तेच परत देते. टू_ए रेंजचा अ‍ॅरे करते. एक ओळ [१, २, ३] छापते, दुसरी १..३. कुठली कुठलं, आणि यातल्या कुठल्या ओळीत टू_ए चं काम फुकट गेलं? कागदावरचं उत्तर चुकलं तर वाईट वाटून घेऊ नका. रिपर उघडा आणि झाड बघा.